मालकानं बोलायचं कधी

"ताई, उद्या बस किती वाजता निघते?"

राजकुमारनं हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा धम्मशीलाच्या हातातला वरणाचा डाव हातातच राहिला. पहिल्यांदा त्यानं हात धुताना विचारलं होतं, दुसऱ्यांदा पंगतीत बसताना. दोन्ही वेळा तिनं सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा त्यानं "हाव" म्हणून मान हलवली होती. आता तो तिच्याकडे असा बघत होता, जणू पहिल्यांदाच विचारतोय. अंगणात मांडवाखाली सगळी टीम गलका करत रोडगे आणि वांग्याची भाजी हाणत होती. हा एकटा भिंतीकडे तोंड करून, टोपी भुवयांवर ओढून बसला होता. रोडगा नुसता कुस्करून ठेवलेला.

"दहाले," ती म्हणाली. "डोकं दुखते का रे?"

"नाई, ताई. ऊन तोंडावर येऊन राह्यलं म्हून."

तो पूर्ण सावलीत होता.

बुधवारच्या सरावात उंच आलेल्या चेंडूवर राजकुमार आणि गोलकीपर गोकुळ यांची डोकी एकमेकांवर आपटली होती. गोकुळला टेंगूळ आलं. राजकुमार खाली पडला, उठला आणि आपल्याच टीमच्या पोरांना विचारायला लागला, "आपन कोनासंगं खेळून राह्यलो बे?" पोरं खोखो हसली. टीमच्या डॉक्टर अनुपमा हसल्या नाहीत. मेंदूला हादरा बसलाय, म्हणाल्या, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत खेळ बंद. बरा व्हायच्या आत दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. आणि उद्या, रविवारी, बुलढाण्याच्या मैदानावर लीगचा शेवटचा सामना होता. जिंकलं तर ही टीम, पैनगंगा एफसी, वरच्या गटात. बरोबरी झाली तरी नाही. संघाचे निम्म्याहून जास्त गोल या एका पोराचे होते.

धम्मशीला डाव ठेवून तडक हिंमतराव सरांकडे गेली. कोच कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते.

"सर, राजकुमार उद्या खेळणार आहे?"

"खेळणार की."

"डॉक्टर नाही म्हणाल्यात."

"डॉक्टरबाई बुधवारी न्हाई म्हणाल्या. आज शनिवार हाय. पोरगं म्हणतंय बरं वाटतंय, काल माझ्यासमोर पळालंय." हिंमतराव कोल्हापूरचे. रागावले तरी आवाज चढत नसे, उलट बारीक होत असे. "ताई, टीम निवडायचं काम माझं. हे तुमीच ठरवून दिलंय न्हवं?"

तिनंच ठरवून दिलं होतं. तिथंच सगळी गोची होती.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका मालकानं ही टीम अर्ध्या हंगामात वाऱ्यावर सोडली, तेव्हा धम्मशीलाच्या धाकट्या भावानं, रवीनं, ती उचलून चिखलीला आणली होती. रवीची बियाण्यांची कंपनी चांगली चालत होती आणि फुटबॉल घरात होताच. त्यांचे वडील गुलाबराव भुसावळला रेल्वेच्या टीममध्ये बॅक म्हणून खेळलेले. पण रवीनं टीम घेतली ती नव्या नवरदेवानं घोडा घ्यावा तशी. जर्सी कंपनीच्या वांग्याच्या रंगाची केली. मग जिथं जातील तिथं लोक "वांगे आले, वांगे आले" म्हणून ओरडायला लागले. पहिल्या हंगामात त्यानं तीन कोच बदलले. चौथ्याला हाफटाइमला फोन करून डाव्या बाजूचा पोरगा उजवीकडे घ्यायला लावला, कारण टीव्हीवर मोठ्या टीमनं तसं केलेलं त्यानं पाहिलं होतं. त्या दिवशी पाच गोल खाल्ले. टीमचा सगळा कारभार, राहणं-जेवण, बस, दवाखाना, धोबी, धम्मशीला सांभाळायची आणि रवीनं पाडलेलं प्रत्येक भगदाड तिलाच बुजवावं लागायचं. शेवटी तिनं बाबांना मध्ये बसवून रवीकडून शब्द घेतला. ड्रेसिंग रूममध्ये पाऊल टाकायचं नाही, टीम निवडायची नाही, मैदानावर तोंड उघडायचं नाही. त्या अटीवरच हिंमतराव आले. आणि कमाल म्हणजे रवीनं तो शब्द वर्षभर पाळला.

आता त्याच भावाला "हात घाल" म्हणून सांगायला ती घरात शिरली.

बैठकीत गुलाबराव पलंगावर लोडाला टेकून बसले होते. रवी त्यांच्यासमोर खाली बसून उद्याच्या सामन्याला घालायचं जॅकेट मांडीवर घेऊन बटणं तपासत होता. सिंधूताई, धम्मशीला-रवीची आई, दारातच सुपारी कातरत बसलेली.

धम्मशीलानं सगळं सांगितलं. बस, टोपी, रोडगा.

"मंग?" रवी म्हणाला.

"मंग काय मंग? तू मालक आहेस ना? सरांना सांग, हा पोरगा उद्या मैदानात उतरणार नाही."

रवीनं जॅकेट बाजूला ठेवलं आणि तिच्याकडे असा पाहत राहिला की तिला एक ठेवून द्यावीशी वाटली.

"ताई, तूच म्हनली होती. तोंड उघडायचं नाई."

"ते टीमबद्दल होतं."

"हा टीमचा नाई तर काय आपल्या काकाचा पोरगा हाये? मी वर्षभर जिभीले गाठ मारून बसलो. गेल्या मॅचले त्या हर्षलनं रिकाम्या गोलावर बॉल बाहेर मारला, तवा मी पायपुसणं चावलं, पायपुसणं! पन बोललो नाई. काऊन? तुले शब्द देल्ला होता म्हून. अन आता तूच मले सांगते, बोल?"

"बाबा, तुम्ही तरी सांगा याला." आजवर रवीच्या प्रत्येक खुळापुढे गुलाबराव तिच्या बाजूनं उभे राहिले होते. ते आत्ताही राहतील याची तिला खात्री होती.

गुलाबरावांनी घसा साफ केला. "पोरी, थे डॉक्टर लोक असंच सांगतेत. आमची भुसावळले फायनल होती, कपाळ फुटलं होतं माह्यं. पट्टी बांधली न खेळलो. कप आनला. खेळाडूले खेळू द्या लागते. त्याचा जीव त्याच्यातच असते."

"बाबा!"

"अवं, खरं थे सांगतो."

"अन पुढचं बी सांगा की," सिंधूताई दारातून म्हणाली. अडकित्ता थांबला होता. "कप घेऊन आले तवा ही धम्मी पाळन्यात होती. मले इचारलं, 'ही कोनाची पोरगी घरात आनली?' दोन दिस नाव आठवलं नाई लेकीचं. मी दोन दिस रडली. थे काऊन नाई सांगत?"

गुलाबराव तिच्याकडे बघत राहिले. हे त्यांनी खरंच विसरून टाकलं होतं की विसरल्याचं सोंग होतं, धम्मशीलाला कळेना. तिलाही हे आजच कळत होतं. आई आजवर कधी रवीच्या विरोधात एक अक्षर बोलली नव्हती. वांग्याची जर्सीसुद्धा तिला देखणी वाटली होती. आणि आज तीच म्हणत होती, "रवी, पोट्टा लोकायचा हाये. त्याच्या मायनं आपल्या भरवशावर धाडला. उठ अन सांग त्या सरले."

"माय, सर निघून जाईन!" रवी उठला, पण सांगायला नव्हे, येरझाऱ्या घालायला. "त्यायनं आल्या दिवशी सांगतलं होतं, मालकानं टीमले हात लावला की मी बॅग उचलतो. उद्याच्या दिवशी कोच गेला तर पोट्टे कोनाकडं पाह्यतीन? चिखलीतून लोक गाड्या भरून येऊन राह्यले. दुकानदार मले चहाचे पैसे देऊ देत नाई आजकाल. मागच्या वर्षी हेच लोक माह्या गाडीवर टमाटे फेकत होते. मी काई केलं नाई म्हून टीम वर आली, ताई. काईच केलं नाई म्हून! माह्या हाताले यश नाई. मी हात घातला की वाटोळं होते."

एवढं मोठं भाषण करून तो पंख्याखाली उभा राहिला. धम्मशीलाला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी संतापही. सबंध एक वर्ष खर्ची घालून हा माणूस 'गप्प बसणं' शिकला होता आणि आता तेच कवच करून त्याच्या आत लपत होता.

"रव्या, नीट ऐक," ती म्हणाली. "डावीकडचा पोरगा उजवीकडे घ्यायचा का, हे तुला कळत नाही. म्हणून गप्प बसायचं. पण ही माणसं तुझ्या नावाखाली खेळतात. त्यांच्या जिवाचं काय, हे कोच नाही ठरवत. कोचला सामना जिंकायचाय, राजकुमारला खेळायचंय, गावाला नाचायचंय. सगळे एकाच बाजूला ओढतात. दुसऱ्या बाजूला कोण आहे? तूच ना?"

रवीनं जॅकेट पुन्हा उचललं. मग त्यानं तेच केलं जे तो लहानपणापासून करत आला होता.

"उद्या सामन्याच्या आधी डॉक्टरबाईले तपासू दे," तो म्हणाला. "त्या पास म्हनल्या तर खेळन. नापास तर मंग पाहू."

"मंग पाहू म्हणजे?"

"मंग पाहू."

सिंधूताईनं सुपारीचं खांड त्याच्याकडे भिरकावलं. गुलाबराव तोवर भिंतीकडे कूस करून झोपल्याचं दाखवत होते.

रविवारी बुलढाण्याला पोचेपर्यंत मैदानाभोवती जांभळ्या झेंड्यांचा बाजार भरला होता. जो शब्द वर्षापूर्वी शिवीसारखा यायचा तोच आता ताशाच्या ठेक्यावर चालला होता: "वांगे! वांगे!" धम्मशीलाला कुणाकडे बघवेना. राजकुमारचे वडील भगवंतराव वरवट बकालहून भावकीची जीप भरून आले होते. त्यांचं भाजीपाल्याचं वावर होतं. पहाटेचा माल उतरवून, धुतलेला सदरा घालून ते थेट मैदानावर आलेले. त्यांनी तिला हात जोडले. तिनंही जोडले आणि ती घाईनं ड्रेसिंग रूमकडे वळली.

खोलीत डॉक्टर अनुपमा राजकुमारसमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. बाकीची पोरं बूट बांधत होती, पण सगळ्यांचे कान इकडे. हिंमतराव फळ्यापाशी. रवी दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे, शब्दाला जागून.

"आपण कुठल्या मैदानावर आहोत?"

"बुलढाना."

"मागच्या सामन्यात शेवटचा गोल कुणी केला?"

"हर्षलनं. हेडर."

"महिने उलटे म्हण."

डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत राजकुमार एका दमात धडाधड म्हणाला. कुणीतरी टाळी वाजवली. हिंमतराव धम्मशीलाकडे बघून 'झालं समाधान?' अशा अर्थानं हसले.

अनुपमांनी टॉर्च खिशात ठेवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "सकाळी नाश्त्याला काय होतं रे?"

राजकुमारचं तोंड उघडं राहिलं. त्याची नजर सरकली, खोलीतून फिरली आणि कोपऱ्यात हातमोजे घालत असलेल्या गोकुळवर जाऊन थांबली. गोकुळनं ओठांनीच काहीतरी सांगितलं.

"पोहे," राजकुमार म्हणाला.

"त्याच्याकडं काऊन पाह्यलं बे तू?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रवी उंबऱ्याच्या आत उभा होता. वर्षभरात पहिल्यांदा.

"गोकुळ, काय चालू हाये हे?"

गोकुळचा चेहरा उतरला. "भाऊ, त्यानंच सांगतलं पाठ करून घे म्हून. काल सांजेपासून घोकून घेतलं महिने न मैदान. नाश्त्याचं... नाश्त्याचं नाई घेतलं, भाऊ."

"गप बस बे!" राजकुमार ओरडला. ओरडताना त्यानं कपाळ दाबून धरलं आणि ते सगळ्यांना दिसलं.

"मालक," हिंमतरावांचा आवाज अगदी बारीक झाला, "तुमी आत आलाय."

"हाव, सर."

"शब्द दिला होता तुमी."

"देल्ला होता. मोडतो आता." रवीनं हात त्या बटणवाल्या जॅकेटच्या खिशात कोंबले. "राजकुमार आज खेळनार नाई."

मग राजकुमारनं हातातला बूट भिंतीवर फेकला. "भाऊ, माह्या बापाले मी वरवटहून बोलावलं! सारी भावकी आली! वर्षभर यासाठीच मरमर केली मी. माह्यं डोकं हाये, मी पाहीन माह्यं काय व्हायचं थे!"

"तुह्यं डोकं तुह्यंच हाये. पन टीम माह्यी हाये. माह्या टीममधी आज तू नाई."

"मग मीबी न्हाई," हिंमतराव म्हणाले. "उद्यापासनं दुसरा कोच बघा."

धम्मशीलाला वाटलं, आता हा डगमगणार. आता म्हणणार, मंग पाहू.

"उद्याचं उद्या, सर. तुमच्या जागी कोन अन याच्या जागी कोन, हे मले कळत नाई अन मी विचारनार बी नाई. फक्त याले मैदानात नेऊ नका." तो अनुपमांकडे वळला. "अन मॅडम, इथून पुढं कोनी जखमी असला तर तो उतरन का नाई हे तुमी सांगान. मले विचारायचं बी नाई."

"हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं," अनुपमा म्हणाल्या. त्यांनी त्याला जराही सूट दिली नाही.

"हाव," रवी म्हणाला आणि बाहेर गेला.

हिंमतराव फळ्याकडे वळले. मग त्यांनी राजकुमारचं नाव पुसून तिथं हर्षलचं लिहिलं. त्यांनी खडू एवढा दाबला की तो मोडला.

सामना एक-एक सुटला. दुसऱ्या हाफमध्ये संपायला थोडा वेळ असताना उजवीकडून एक चेंडू असा आला की गोलच्या तोंडासमोरून, गवताला घासत, हळूहळू सरकत पलीकडे गेला. जिथं राजकुमार नेहमी असायचा तिथं कुणी नव्हतं. सगळ्या मैदानानं एकदम श्वास ओढला. बाकावर बसलेल्या राजकुमारनं तोंड जर्सीत खुपसलं.

शिट्टी वाजल्यावर झेंडे खाली आले आणि शिव्या वर आल्या. "मालक हटाव!" कुणीतरी सुरू केलं आणि ताशानं लगेच ठेका धरला. गुलाबरावांनी मुलाशी एक शब्दही न बोलता शेजाऱ्याच्या गाडीत जागा पटकावली. सिंधूताई मात्र रवीच्या गाडीत पुढच्या सीटवर ठाण मांडून बसली आणि काच खाली करून ओरडणाऱ्यांना त्यांच्या बापाचं नाव विचारायला लागली.

एका वार्ताहरानं रवीला गाठलं. "राजकुमारला बाहेर ठेवायचा निर्णय कोचचा की तुमचा?"

"माझा."

"कारण काय?"

"माझा होता, तेवढंच लिहा."

वार्ताहराची पाठ फिरताच धम्मशीलानं भावाचा दंड धरला. "अरे, सांग ना कारण! डॉक्टर सांगतील, मी सांगेन. आख्खं गाव तुला शिव्या देतंय आणि तू मौनी बाबा होऊन बसलायस? जेव्हा बोलायला नको तेव्हा तोंडाचा पट्टा, आणि आता?"

"थे त्याच्या डोक्याचं हाये, ताई. पेपरात छापून आलं अन उद्या कोनी त्याले टीममधी घेतलं नाई तर?" तो म्हणाला. "मले काय, टमाट्याची सवय हाये."

तिनं दंड सोडला. बोलायला काही उरलंच नाही म्हणून ती त्याच्यावर आणखी चिडली.

भगवंतराव जीपपाशी उभे होते. राजकुमार आत, मागच्या सीटवर, डोळे मिटून. रवी तिकडे निघाला. धम्मशीला मागोमाग गेली, कारण कुणी हात उचलला तर मध्ये पडायला कुणीतरी हवं होतं.

"काका, याले उन्हात बसवू नका," रवी म्हणाला. "मोबाइल देऊ नका. लय उलटी झाली, बोलताना अडखळला, तर रात असो का दिवस, मले फोन करा, मी गाडी घेऊन येतो. मंगळवारी डॉक्टरबाईकडं दाखवायचं. मी स्वतः घेऊन जाईन."

भगवंतराव त्याच्याकडे वळले. "भाऊ, मी शेतकरी मानूस. मले एक सांगा. मालक टीमले जितवासाठी असते का हरवासाठी?"

रवीनं मान खाली घातली.

"त्याले काय झालं असतं खेळून?"

"कदाचित काईच नाई, काका."

आतून राजकुमारनं डोळे न उघडता म्हटलं, "बाबा, चला."

जीप गेली. धूळ बसेपर्यंत दोघं भाऊबहीण तिथंच उभी होती. रवीचे डोळे भरून आलेले होते आणि तो ते धुळीच्या नावावर खपवत होता. तिनं पदरात हात घालून रुमाल काढला, त्याच्या हातात कोंबला आणि "शेंबड्या" म्हणाली.

हिंमतराव बॅग खांद्याला अडकवून येताना दिसले. राजीनामा असणार, धम्मशीलानं मनाची तयारी केली. ते समोर येऊन थांबले. दोघांकडे न बघता, गेटाकडे बघत म्हणाले, "मंगळवारपासनं सराव लावायचाय. चिखलीचं मैदान लग्नाच्या मांडवाला दिलंय म्हणं कुणी तरी. दुसरं मैदान लागंल. तेवढं मालकांनी बघावं."

रवीचा चेहरा एकदम उजळला. "हाव, सर! पाह्यतो ना. अन सर, एक सुचवू का, त्या दुसऱ्या हाफमधी जर गोकुळले..."

धम्मशीलानं टाच त्याच्या बुटावर ठेवली आणि सगळा भार दिला.

हिंमतराव वाट बघत होते.

"काई नाई," रवी म्हणाला. "मैदानाचं पाह्यतो."